हौद्यावरची खोली

मंचरच्या पुढे हमरस्त्याला लागून गाड्यांच्या बॉड्या बांधणारा एक जण आहे. दुधाच्या गाडीला थंड पेटी, कोंबड्यांच्या गाडीला जाळ्या, टेम्पोला छप्पर, असलं सगळं तो करतो. त्याच्याकडे आम्ही नवरा-बायको पहिल्यांदा गेलो तेव्हा बसायच्या आत त्यानं चहा मागवला, आणि तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. गिऱ्हाइकानं अजून तोंड उघडलेलं नाही आणि हा चहा मागवतो, म्हणजे आम्ही त्याला चांगलेच भोळे दिसलो असणार.

मी संशयी आहे. माहेरी म्हणायचे, ही दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघेल. सासरी तोंडावर कुणी म्हणत नाही, एवढाच फरक. नवरा माझ्या अगदी उलटा. त्याला कुणीही काहीही विकावं. म्हणून अशा कामाला मी सोबत जातेच, आणि गेले की पुढे बसते.

आम्हाला आमच्या पिकअपच्या हौद्यावर एक खोली बसवायची होती. माणूस आत झोपेल, बसेल अशी. लागेल तेव्हा चढवायची आणि टोमॅटोचा हंगाम आला की उतरवून ठेवायची, म्हणजे नारायणगावच्या मार्केटला क्रेट न्यायला हौदा मोकळा. परदेशात लोक असल्या गाड्या घेऊन फिरतात आणि त्याला कॅम्पर म्हणतात, हे मला नवऱ्याच्या मोबाइलवर कळलं. त्या व्हिडिओंत कायम एक नवरा, एक बायको, एक कुत्रा आणि मागे डोंगर असतो. भांडी घासताना कुणीच दिसत नाही.

"कुटं फिरायला जायाचं, भाऊ?" बॉडीवाल्यानं विचारलं.

"देवदर्शनाला," मी म्हणाले. नवरा बोलायच्या आत म्हणाले, कारण त्याला खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगायचं नव्हतं.

खरं कारण आबा होते, माझे सासरे. कळंबच्या आसपास कुणाचं लग्न ठरायचं असो की बांधाचं भांडण मिटायचं असो, आबा पुढे बसायचे. पांढरं धोतर, कडक टोपी, आणि बोलणं कमी. मग त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण तेव्हापासून संडासला लागली की लागली. थांबवता येत नाही, आणि गुडघ्यांमुळे खाली बसताही येत नाही. एका साखरपुड्यात हॉलमधल्या संडासापुढे रांग होती. आबांना दम धरवला नाही. नवऱ्यानं त्यांना सत्काराच्या शालीत गुंडाळून मागच्या दारानं गाडीत आणलं. कुणी पाहिलं का, हे आम्हाला आजही माहीत नाही. आबांची मात्र खात्री होती की सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी गावाची शीव ओलांडली नाही. घरातही हे फक्त आम्हा दोघांना माहीत. त्यांची धोतरं मी धुवायची आणि गच्चीवर वाळत घालायची, शेजारणीला मोजता येऊ नयेत म्हणून.

एवढ्यावर भागलं असतं. पण आबांना एक थोरली बहीण आहे. ते तिला आक्का म्हणतात, आम्ही आत्याबाई. पिंपरी पेंढारच्या पलीकडे एका मळ्यात दिलेली. ऑपरेशनच्या थोडंच आधी आत्याबाईंनी माहेरच्या जमिनीवरचा आपला हक्क सोडून दिला होता. आमच्याकडे बहिणी अशी सही करून देतात. मोकळ्या मनानं देतात की कसं, हे कुणी विचारत नाही. त्यांची अपेक्षा एवढीच असते की माहेर तुटू नये, भाऊबीजेला भाऊ दारात दिसावा. आणि सही झाल्यावर नेमकं आबांचं जाणंच बंद झालं. एक भाऊबीज गेली. दुसरी गेली. फोनवर कधी गुडघा, कधी पाहुणे, कधी कांद्याची लागवड. फोन मीच उचलायचे आणि ही कारणं मीच सांगायचे. पलीकडून आत्याबाई नुसतं "बरं" म्हणायच्या. मी त्यांच्या जागी असते तर पहिल्याच फोनला विचारलं असतं की कुठं पाणी मुरतंय.

मग लोणीच्या एका लग्नात त्या कुणाशी तरी बोलून गेल्या, "सही झाली, आता बहीण कशाला लागती." असलं बोलणं जागेवर थांबत नाही. ते आमच्या ओट्यावर येऊन पोचलं आणि आबांनी ताट बाजूला सारलं.

"मी सांगू का आत्याबाईंना खरं काय ते?" मी विचारलं.

"सांगितलंस तर या घरात पानी प्यायचो न्हाई," आबा म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "लबाड म्हनू दे तिनं. पन हे नगं."

भावानं लुबाडलं हे बहिणीला वाटलेलं चालेल, पण हे कळलेलं चालणार नाही. मला त्यांचा राग आला, आणि सारलेलं ताट मी परत त्यांच्यापुढे ठेवलं. येत्या भाऊबीजेला आबांनी आक्काच्या दारात जायचं आणि तिला काही कळता कामा नये, या एका गोष्टीसाठी आम्ही त्या बॉडीवाल्याचा चहा पीत बसलो होतो.

नवऱ्याला व्हिडिओतलं सगळं हवं होतं. बाजूला ताणायची कनात, घडीची शेगडी, छताला रंगीत दिवे. मी म्हटलं, आधी कमोड. बॉडीवाल्यानं माझ्याकडे वर बघितलं.

"देवदर्शनाला कमोड, ताई?"

"देवळांजवळ सोय नसते," मी म्हणाले.

त्याला पटलं नव्हतं, आणि मलाही त्याचं काही पटत नव्हतं. तो म्हणाला, पत्र्याच्या दोन थरांत फोम भरतो, आत गरम होणार नाही. मी म्हणाले, भरताना मी समोर बसणार. तो म्हणाला, प्लाय नवा आहे. मी पिशवीतला खिळा काढून एका कडेला टोचून पाहिला. नवरा लाजून बाहेर जाऊन उभा राहिला. पण मी काय काय मागितलं ते आजही मला बरोबर वाटतं. कमोड उंच, कारण आबांचे गुडघे. धरायला दांडी उजव्या हाताला, आणि ती पत्र्याला नाही, सांगाड्याच्या लोखंडी अँगललाच वेल्डिंग केलेली. खाली घसरणार नाही अशी खडबडीत रबरी चटई. पाण्याची टाकी डोक्यावर आणि नळाला लांब पाइप. पलंग एकच, पण त्याखाली धोतरांचे दोन जोड आणि टॉवेल मावतील असा कप्पा. चढायला रुंद पायऱ्या. आणि एक घंटीचं बटण, ज्याची घंटी ड्रायव्हरच्या कानाशी वाजेल. ती वाजली की गाडी उभी करायची.

खिडकीवरून आमचं वाजलं. नवरा म्हणाला, आबांना बाहेरचं दिसायला हवं. मी म्हणाले, बाहेरच्यांना आबा दिसायला नकोत. शेवटी खिडकी झालीच नाही. छताला लागून हातभर लांबीच्या जाळ्या ठेवल्या, हवेपुरत्या. दाराला बाहेरून मूठ नाही, कडी आतून. कुणी पोर खेळता खेळता दार उघडेल, एवढीच माझी भीती. ती जाळी आणि ती कडी, दोन्ही माझ्या हट्टाच्या.

रंग तेवढा बॉडीवाल्याच्या मनाचा. त्याच्याकडे गडद हिरव्या रंगाचे डबे उरले होते. मला दिसत होतं की हा उरलेला माल आमच्या गळ्यात मारतोय. पण नवरा म्हणाला, हिरवा चांगला, धूळ दिसत नाही. प्लायला खिळा टोचणारी मी, रंगाकडे मात्र दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

गाडी घरी आली तशी गल्ली गोळा झाली. शेजारीण खोलीला फेरी मारून आली आणि म्हणाली, "ऱ्हाणार कोन यात?" एकानं विचारलं, चायनीजची गाडी काढता का. दुसऱ्याला वाटलं निवडणुकीचं काहीतरी आहे. एका चुलत दिरानं नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं की बायकोशी बिनसलंय का, वेगळं राहायचंय का. मी सगळ्यांना देवदर्शन सांगत सुटले. कुणाचाच विश्वास बसला नाही, पण दुसरं कारण कुणाच्या हाती लागत नव्हतं, म्हणून विचारायचे थांबले.

आबा पहिल्यांदा आत गेले तेव्हा मी बाहेर उभी होते. आतून दांडी दोन-तीनदा ओढल्याचा आवाज आला, मग घंटी वाजली. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "जमंल." पायऱ्या उतरताना त्यांनी टोपी नीट केली. कितीतरी दिवसांनी मी त्यांना टोपी नीट करताना पाहिलं.

भाऊबीजेला आम्ही सकाळची कामं आवरून निघालो. आबा मागे, आम्ही दोघं पुढे. त्यांनी कडक इस्त्रीचं धोतर नेसलं होतं आणि आक्कासाठी लुगडं स्वतः जाऊन नाही, पण रंग स्वतः सांगून मागवलं होतं. नारायणगावच्या आधी एकदा घंटी वाजली, आळेफाट्याच्या पुढे एकदा. दोन्ही वेळा आम्ही झाडाखाली थांबलो, येणारे-जाणारे बघत पुढे गेले, आणि थोड्या वेळानं आतून काठी ठोकल्याचा आवाज आला की गाडी पुढे. मला वाटायला लागलं होतं की आता होतंय सगळं व्यवस्थित. असं वाटलं की मी हमखास सावध होते, पण त्या दिवशी झाले नाही.

हमरस्ता सोडून मळ्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये एक गाडी जाईल एवढीच वाट. आत्याबाईंचं घर ऊस संपला की लगेच. तिथंच, वळणावर, घंटी वाजली. नवऱ्यानं गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

बिबट्यासाठी ऊस म्हणजे घरच. त्या आठवड्यात त्या वस्तीवरच्या एका गोठ्यातून वासरू गेलं होतं. बिबट्यानं मागून मान धरू नये म्हणून रानात जाणाऱ्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालत होत्या, पोरांना शाळेत न्यायला मोठं माणूस काठी घेऊन जात होतं. आणि आमच्या या सगळ्या भागात एक बोलणं पक्कं बसलेलं आहे, की वनखातं एकीकडे धरलेला वाघ, बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात, गाडीतून आणून दुसरीकडे सोडतं. डोळ्यांनी कुणी पाहिलेलं नाही, पण ऐकलेलं सगळ्यांनी आहे. मी स्वतः ते चार जणींना सांगितलेलं आहे.

आधी एक मोटरसायकल येऊन आडवी लागली. मग बांधावरून दोघं-तिघं, मग वस्तीकडून घोळकाच.

"काय हाये आत?"

"आमचे वडील आहेत," नवरा म्हणाला.

"बंद पेटीत? हितं उसात कशाला थांबिवली?"

मी खाली उतरले. लोक मागच्या खोलीभोवती फिरून बघत होते, आणि ते काय बघतात ते मला एकदम दिसलं. गडद हिरवी पेटी. खिडकी नाही. वर जाळ्या. दाराला मूठ नाही. उसाच्या कडेला, गुपचूप, इंजिन बंद करून उभी.

"माझे सासरे आहेत हो. बरं नाही त्यांना, झोपलेत," मी म्हणाले.

"मग हाक मारा की. उठतील."

मी हाक मारली नाही. कशी मारणार? आबांनी ओ दिली तर लोक म्हणणार बाहेर या. आणि नेमकी तेव्हाच आत आबांची काठी पडली. धाडकन आवाज झाला आणि पत्रा हलला.

"हालतंय बगा आत!" कुणीतरी ओरडलं आणि पुढचे सगळे मागे सरकले. मग जास्तच चिडून पुढे आले. एकानं गाडीची चावी काढून घेतली. एकानं नवऱ्याची गचांडी धरली. "कितव्यांदा सोडताय रं? आमची पोरं काय चारायला ठिवलीत व्हय?" एक जण पहार घेऊन आला आणि मला म्हणाला, "बाई, सरा बाजूला."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. त्यांच्यावर राग आला होता असं नाही. त्यांच्या जागी मी असते तर पहार मीच आणली असती. पण दार उघडलं तर आत आबा कसे असतील ते मला माहीत होतं, आणि आक्काचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. दोन वर्षं जे झाकलं ते नेमकं इथं, अख्ख्या वस्तीसमोर उघडं पडणार होतं. मी म्हणाले, "मला मारा, पण दार उघडायचं नाही." हे ऐकून तर त्यांची खात्रीच पटली.

नवऱ्याला कुणीतरी ढकललं. तो बोनेटवर आदळला, आणि "आबा" म्हणून ओरडला. पन्नाशीचा माणूस, लहान पोरासारखा ओरडला.

तेव्हा आतून आवाज आला.

"आरं ए! वाघ न्हाई, म्हातारा हाय आत! हागायला बसलोय मी. कुनाला बगायचंय त्यानं यावं!" मग आवाज फुटला. "दोन वर्सं झाली, धरवत न्हाई मला. दमच धरवत न्हाई. कुनाच्या घरी जाता येत न्हाई. माज्या पोराला सोडा."

एक जण फिसकन हसला. त्याच्यासोबत दुसरं कुणी हसलं नाही, तसा तोही थांबला. नवऱ्याची गचांडी सुटली. पहारवाल्यानं पहार जमिनीला टेकवली आणि दुसरीकडे बघायला लागला. मला रडू यायला लागलं होतं आणि ते मी आवरलं नाही.

वाघाची गाडी धरली म्हणून अख्खी वस्ती आली होती, त्यात आत्याबाईही होत्या. मला त्या दिसल्याच नव्हत्या. गर्दीतून माणसं बाजूला सरत गेली आणि त्या पुढे आल्या. भाऊबीजेचं ठेवणीतलं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दारापाशी आल्या आणि पत्र्यावर हात ठेवला.

"कवापास्नं?"

त्यांनी पत्र्यावर थाप मारली.

"मी इचारते, कवापास्नं हाये हे?"

"आपरेशनपास्नं," आबा म्हणाले. आवाज इतका लहान की मला शेजारी उभी असून कान द्यावा लागला.

"आन् मला काय वाटलं, ठावं हाये? सही घेतली आन् आक्का सरली. सनासुदीला तुला शिव्या घातल्यात मी. लोकांत बोलले. लई वंगाळ बोलले." आत्याबाईंनी पदरानं नाक पुसलं. "आई रानात जायाची तवा तुजं कोन धूत व्हतं रं? दोन टायमाला मी धूत व्हते. शेजारची पोरं बगायची, मला कदी लाज वाटली न्हाई. आन् तू माज्यापास्नं लपिवतो?"

लोक पांगायला लागले. ज्यानं चावी घेतली होती त्यानं ती नवऱ्याच्या हातात ठेवली आणि त्याच्या शर्टावरची धूळ झटकली. "राव, डोस्कंच चालंना या वाघापाई," तो म्हणाला. नवऱ्यानं मान हलवली.

आत नळाचा आवाज आला, थोडा वेळ, मग थेंब थेंब, मग बंद.

"टाकीतलं पानी सरलं," आबा म्हणाले.

बांधाला पाण्याचा पाइप चालू होता. मी बादली काढायला पुढे धावले तोवर आत्याबाईंनी वस्तीवरच्या कुणाची तरी कळशी ओढून घेतली होती आणि त्या ती पाइपाखाली धरून उभ्या होत्या. भरलेली कळशी कमरेवर घेऊन त्या आल्या. पंच्याहत्तरीच्या पुढची बाई. मी हात पुढे केला. म्हणाले, "द्या आत्याबाई, मी जाते. माझ्या रोजच्या सवयीचं आहे."

कडी निघाली. दार वीतभर उघडलं. आत अंधार होता, आबांचा नुसता हात दिसला, दांडी धरलेला.

"तू ऱ्हाऊ दे, पोरी," आबा म्हणाले. "आक्का हाये."